फुकटच्या बक्षिसाची खरी किंमत

"बधाई हो! मेले में आपने जो कूपन भरा था, वह लकी ड्रॉ में निकल आया है." असा फोन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येऊन गेला असेल. बोलणाऱ्याचा आवाज गोड असतो. आपले नाव त्याला माहीत असते. बक्षीस कधी डिनर सेटचे असते, तर कधी गोव्याच्या तीन दिवस, दोन रात्रींच्या सहलीचे. पैसे काही द्यायचे नसतात. फक्त रविवारी संध्याकाळी पती-पत्नी दोघांनी मिळून एका हॉटेलात यायचे आणि बक्षीस घेऊन जायचे.

मागच्या पालक सभेत हा विषय अगदी अनपेक्षितपणे निघाला. सभा फी आणि बसच्या वेळांविषयी होती. ती संपत आली असता नववीतल्या एका विद्यार्थिनीच्या आई उठून म्हणाल्या, "मला एक सांगायचे आहे, पण सांगायला लाज वाटते." त्यांच्या मुलीने मेळ्यातल्या एका स्टॉलवर चिठ्ठी भरली होती. आठवड्याने फोन आला. पती-पत्नी बक्षीस आणायला गेले आणि तीन तासांनी एका हॉलिडे क्लबचे सभासद होऊन घरी परतले. एकूण किंमत ८५,००० रुपये ठरली. त्यातले २५,००० त्याच संध्याकाळी कार्डावरून गेले व बाकीचे हप्त्यांनी. बक्षीस म्हणून मिळाला तो एक छापील कागद. प्रवास स्वखर्चाने, नोंदणीचे ३,५०० रुपये वेगळे, आरक्षण पंचेचाळीस दिवस आधी आणि सुट्टीच्या दिवसांत सवलत नाही, अशा अटी त्यावर बारीक अक्षरांत होत्या.

त्या बसल्यावर आणखी दोन पालक उठले. त्यांचीही कथा हीच होती. तिघेही एकाच शाळेचे पालक, रोज फाटकापाशी भेटणारे. पण कोणी कोणाला बोलले नव्हते. त्या तिघांच्या परवानगीने, नावे न देता, आम्ही हा लेख लिहीत आहोत.

चिठ्ठीपासून सहीपर्यंत

हा व्यवहार कसा चालतो ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी चिठ्ठीची. मेळ्यात, मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या दुकानाच्या दाराशी काचेची पेटी ठेवलेली असते. "नाव, मोबाइल नंबर लिहा आणि कार जिंका." चिठ्ठीत खाली वय, लग्न झाले आहे का, नोकरी की व्यवसाय, घरात क्रेडिट कार्ड आहे का, असेही रकाने असतात. सोडतीसाठी या माहितीची काही गरज नाही. गिऱ्हाईक निवडण्यासाठी मात्र नेमकी हीच माहिती लागते. म्हणजे ती पेटी सोडतीची कमी आणि पत्ते गोळा करण्याची जास्त असते. कार एखाद्यालाच लागेल. "छोटे बक्षीस" मात्र निवडलेल्या सगळ्यांनाच लागते.

दुसरी पायरी फोनची. "दोघांनी यायलाच हवे" ही अट त्यात न चुकता असते. त्याचे कारण साधे आहे. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटू शकतो. दोघे समोर बसले की ही वाट बंद होते.

तिसरी पायरी सभागृहाची. थंडगार खोली, मोठ्याने लावलेले संगीत, चहा-नाश्ता आणि प्रत्येक जोडप्यासाठी वेगळे टेबल. टेबलावरचा तरुण आधी आपली विचारपूस करतो. मुले कितवीत आहेत, शेवटचे फिरायला कधी गेला होता, मुलांना वेळ देता येतो का. मग आपल्याच उत्तरांतून तो विक्री उभी करतो. "तुम्हीच आत्ता म्हणालात की मुलांना वेळ देता येत नाही." मध्येच टाळ्या वाजतात आणि कोणीतरी सभासद झाल्याची घोषणा होते.

चौथी पायरी किमतीची. आधी अडीच लाख सांगतात. आपण नकार दिला की "मोठे साहेब" येतात आणि दीड लाखावर उतरतात. शेवटी ८५,०००, पण "फक्त आजच्यासाठी". कराराचे कागद घरी नेऊन वाचू का, असे विचारले तर "उद्या ही किंमत राहणार नाही" असे उत्तर मिळते. तोवर अडीच-तीन तास झालेले असतात, घरी मुले वाट पाहत असतात आणि बक्षीस अजून हातात पडलेले नसते.

हिशोब करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, रीत मात्र खरी आहे.

समजा, एका रविवारी वीस जोडपी आली. प्रत्येकाला ३०० रुपयांची वस्तू दिली, तर खर्च ६,००० रुपये. हॉलचे भाडे, नाश्ता आणि पगार मिळून आणखी ४०,०००. एकूण ४६,०००. वीसपैकी फक्त दोन जोडप्यांनी प्रत्येकी ८५,००० भरले, तर जमा होतात १,७०,००० रुपये. म्हणजे उरलेल्या अठरा घरांत गेलेल्या वस्तूंचे पैसे विक्रेत्याने दिले नाहीत. ते त्या दोन घरांनी दिले. फुकट वस्तूचे बिल कोणीतरी भरतच असते.

दुसरे गणित पालकांसाठी. ८५,००० रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला ५,९५० रुपये व्याज येईल. क्लबची वार्षिक देखभाल फी समजा ९,००० आहे. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे १५,००० रुपये होतात, आणि त्यात रेल्वेचे तिकीट व जेवण धरलेले नाही. एवढ्या रकमेत आपले कुटुंब दरवर्षी पचमढीला जाऊन, आपल्याला हव्या त्या तारखांना, आपल्या पसंतीच्या ठिकाणी किती दिवस राहू शकेल? काही कुटुंबांना उत्तर क्लबच्या बाजूचे मिळेल. नियमित फिरणारे आणि सुट्ट्या आधी ठरवू शकणारे लोक अशा योजनांचा चांगला उपयोग करतातही. आमचा आक्षेप योजनेवर नाही. हा हिशोब घरी, कागद-पेन्सिल घेऊन करायचा आहे, आणि त्या सभागृहात नेमके तेच करू दिले जात नाही, यावर आहे.

भीड भिकेची बहीण

शिकलेली, हिशोबी माणसे तिथे का फसतात? याचे उत्तर आपल्या जुन्या म्हणीत आहे: भीड भिकेची बहीण. ज्याने चहा पाजला, तासभर गोड बोलला, हातात भेट ठेवली, त्याच्या तोंडावर "नाही" म्हणणे आपल्याला जड जाते. घेतले तर काही द्यावे, हा आपल्या घरांतला चांगला संस्कार आहे. विक्रेता त्याच संस्काराचा उपयोग करतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांचा एक प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाला. एका कामासाठी दोन जणांना एकत्र बसवले होते. त्यातला एक संशोधकांचाच माणूस होता. काही वेळा तो मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन न मागता दुसऱ्यासाठी कोका-कोलाची बाटली घेऊन येई, काही वेळा रिकाम्या हाताने येई. नंतर तो सोडतीची तिकिटे विकत घेण्याची विनंती करी. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी इतरांच्या सुमारे दुप्पट तिकिटे घेतली. एका थंड पेयाची एवढी भीड पडते, तर डिनर सेट आणि तीन तासांच्या आदरातिथ्याची किती पडेल?

युरोपीय संघाने हे ओळखून २००९ साली अशा विक्रीसाठी निर्देश काढला. कार्यक्रमाच्या निमंत्रणातच तो विक्रीचा कार्यक्रम आहे हे स्पष्ट लिहावे, करारानंतर ग्राहकाला चौदा दिवस विनाकारण माघार घेता यावी आणि त्या काळात आगाऊ पैसे घेऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे काही कंपन्या स्वतःहून करारात रद्द करण्यासाठी काही दिवसांची मुदत ठेवतात, पण ते करार वाचल्यावरच कळते.

आमच्या त्या पालकांच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्या करारातही दहा दिवसांची मुदत होती, सातव्या पानावर. पती-पत्नी दोघांनाही घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी चूक कळली होती. पण सासूबाईंना काय सांगायचे, शेजारी हसतील, या विचारात तीन आठवडे गेले. कागद कपाटात तसेच राहिले. पहिल्या आठवड्यात त्या कोणाजवळ बोलल्या असत्या, तर एका साध्या पत्रावर पैसे परत मागता आले असते. सभागृहातल्या भिडेपेक्षा नंतरच्या लाजेने त्यांचे जास्त नुकसान केले. आता त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. निकाल यायचा आहे.

मुलांच्या नावाने येणारी बक्षिसे

शाळेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांमार्फत घरात शिरणारी विक्री. "मोफत प्रज्ञा परीक्षा", "शंभर टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती", "चित्रकला स्पर्धा, प्रत्येकाला पदक" असे कागद मुलांच्या हाती येतात. यातल्या काही परीक्षा खरोखर चांगल्या असतात. पण परीक्षेनंतर प्रत्येक घरी फोन येतो, प्रत्येक मूल "विशेष गुणवान" निघते आणि प्रत्येकाला शिकवणीच्या किंवा टॅबलेटच्या महागड्या संचावर "सवलत" मिळते, तेव्हा समजावे की तपासणी मुलाच्या बुद्धीची नव्हती, पालकांच्या खिशाची होती.

मुलांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्याने तिच्यावर बंधनकारक होत नाही. म्हणूनच विक्रेत्याला तुमची सही नको असते, तुमच्याकडून आई-बाबांचा नंबर हवा असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. भेटवस्तूंचे आमिष दाखवून मुलांना गरज नसलेल्या वस्तू घ्यायला लावणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

त्या विद्यार्थिनीला वाटत होते की चिठ्ठी आपण भरली म्हणून घरात हे संकट आले. तिला आणि तिच्यासारख्या सर्वांना आम्ही सांगू इच्छितो की ही तुमची चूक नाही. चिठ्ठी तुमच्यासारख्यांनी भरावी म्हणूनच ती पेटी तिथे ठेवलेली असते.

कायदा काय म्हणतो

ज्येष्ठ पालकांना जुन्या मासिकांतल्या जाहिराती आठवत असतील. सोपे चौकोनी कोडे सोडवा, ट्रान्झिस्टर जिंका. उत्तर पाठवणारा प्रत्येक जण जिंकायचा आणि ट्रान्झिस्टर "सवलतीच्या" दरात व्ही. पी. ने यायचा. अशा प्रकारांना तोंड द्यायला ग्राहकाजवळ तेव्हा फारसे हत्यार नव्हते. ग्राहक चळवळीत मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला.

न देण्याच्या हेतूने बक्षीस जाहीर करणे, किंवा ज्याची किंमत व्यवहारात वसूल केली आहे ते फुकट असल्याचा भास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरतात.

या तरतुदीवरचा एक गाजलेला खटला माहीत असावा. २००७ साली "कौन बनेगा करोडपती"च्या वेळी प्रेक्षकांसाठी "हर सीट हॉट सीट" नावाची स्पर्धा होती. एसएमएसने उत्तर पाठवायचे आणि अचूक उत्तर देणाऱ्यांतून एकाला दोन लाख रुपये मिळायचे. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. सोसायटी ऑफ कॅटलिस्ट्स या ग्राहक संस्थेने स्टार इंडिया आणि एअरटेल यांच्याविरुद्ध तक्रार केली की बक्षीस एसएमएसच्या पैशांतूनच दिले जाते. राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये ते मान्य करून एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठरवली. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या पैशांतून आली, हे दाखवणारा पुरावा तक्रारदाराने दिलेला नव्हता. आपल्यासाठी यात एक धडा आहे. कायद्यात शब्द कितीही चांगले असले तरी निकाल कागदांवर लागतो. म्हणून चिठ्ठीचा फोटो, आलेला संदेश, पावती, करार आणि बक्षिसाचा कागद यांतले काहीही फेकू नये.

तक्रार करणे वाटते तितके अवघड नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीत असो वा मुंबईत, आपण भोपाळला राहत असलो तर भोपाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे. सरकारच्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. हॉलमध्ये बोलावणाऱ्या कंपनीचे निदान नाव-पत्ता असतो. "तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली आहे, आधी कराचे पैसे भरा" असा व्हॉट्सॲपवर येणारा संदेश मात्र उघड फसवणूक असते. खऱ्या रोख बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो. तो अनोळखी माणसाच्या खात्यात भरायचा नसतो. इथे पैसे गेले असतील तर एक तासही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. लवकर कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता असते.

आपण काय करावे

१. बक्षिसाच्या चिठ्ठीवर मुलांनी फोन नंबर लिहू नये. मोठ्यांनीही लिहिण्याआधी ही माहिती कशाला हवी, असे विचारावे.

२. फोन आल्यावर एकच प्रश्न विचारावा: "तिथे काही विकणार आहात का?" उत्तर टाळले तर फोन ठेवावा.

३. जायचेच असेल तर क्रेडिट आणि डेबिट कार्ड घरी ठेवून जावे, आणि निघण्याची वेळ आधीच सांगावी.

४. "आज सही नाही" हे दोघांनी घरूनच ठरवून जावे. जी किंमत उद्या मिळणार नाही, ती आज घेण्याचीही घाई नको.

५. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन करारात लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर ते दिलेलेच नाही असे समजावे.

६. सही झालीच असेल तर त्याच रात्री पूर्ण करार वाचावा, रद्द करण्याची अट शोधावी आणि लेखी कळवावे. मुख्य म्हणजे घरात आणि चार ओळखीच्यांत बोलावे.

शाळेच्या बाजूने आम्ही ठरवले आहे की कोणत्याही कंपनीच्या सोडतीच्या किंवा स्पर्धेच्या चिठ्ठ्या वर्गांत वाटल्या जाणार नाहीत आणि विद्यार्थ्यांचे किंवा पालकांचे नंबर कोणालाही दिले जाणार नाहीत. विश्वस्त मंडळानेही याला संमती दिली आहे. शाळेच्या नावाने असा कागद घरी आला तर कृपया कार्यालयात आणून दाखवावा.

सभेत उभ्या राहिलेल्या त्या आईंचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्यांचे पैसे परत येवोत न येवोत, त्यांच्या बोलण्याने त्याच आठवड्यात फोन आलेल्या एका घराने रविवारचा बेत रद्द केला. आपला समाज या शहरात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने राहिला आहे. लग्नकार्याला, आजारपणाला आपण धावून जातो, तसेच झालेली चूक सांगायलाही एकमेकांकडे जाता आले पाहिजे.